समुद्राच्या बाजूचा डिफेंडर

क्लबात रुजू झालो त्या दिवशी मला सगळ्यात नवल वाटलं ते बॉलच्या पिशवीचं. हिरवं मैदान, गोलच्या नव्या जाळ्या, बर्फात ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या हे सगळं मी टीव्हीवर पाहिलेलं होतं. पण एका माणसानं जाळीची भलीमोठी पिशवी खांद्यावरून आणून गवतावर रिकामी केली आणि बॉल चहूकडे घरंगळत गेले, तेव्हा मी बघतच राहिलो. बाकी कुणी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक बॉल लांब कुंपणापाशी जाऊन थांबला. मी धावत जाऊन तो उचलून आणला, तर शेजारचा खेळाडू हसून म्हणाला, "रहने दे भाई, बहुत हैं."

आमच्याकडे बॉल एक असायचा. मी चिंचणीचा. घराच्या मागे चिकूची वाडी, तिच्या कडेनं मिरचीचे वाफे, वाडीच्या पश्चिमेच्या कुंपणापलीकडे सुरूची झाडं आणि मग किनारा. गावात मैदान होतं, पण ते क्रिकेटवाल्यांचं. आमच्या भागात टेनिस बॉलच्या क्रिकेटपुढे बाकीच्या खेळांना कुणी विचारत नाही. म्हणून आम्ही ओहोटी बघून किनाऱ्यावर जायचो. पाणी मागे सरलं की ओली, टणक वाळू उघडी पडते, तिच्यावर काठ्या रोवून गोल करायचे. मैदानाची एक कड सुरूची झाडं आणि दुसरी कड समुद्र. ही दुसरी कड खेळता खेळता सरकायची आणि तिच्यावरून भांडणं व्हायची.

नियम एकच कडक होता. बॉल पाण्यात घालवेल त्यानंच तो आणायचा, आणि नाही मिळाला तर नवीन बॉल आल्यावरसुद्धा त्याला बाहेर बसवायचं. भरती असेल आणि वारा समुद्राकडून येत असेल तर चिंता नसायची, गेलेला बॉल लाटाच आणून टाकायच्या. पण हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीवरून सुटतो. त्यात ओहोटी असली की पाण्याला लागलेला बॉल गेलाच म्हणून समजायचं. एकदा असा गेलेला बॉल दुसऱ्या दिवशी शेजारच्या कोळीवाड्यातल्या, दांडीच्या एका नाखव्यानं आणून दिला. त्याच्या जाळ्यात सापडला होता. "ह्यो घ्या तुमचा मासा," तो म्हणाला, "ताजा हाय." आम्ही त्याला चहा पाजला आणि पुढं कितीतरी दिवस त्या बॉलला मासाच म्हणत होतो.

समुद्राच्या बाजूला उभं राहायला कुणी तयार नसायचं. मी राहायचो. त्यात शूरपणा नव्हता. मला गोल मारायची हौस नव्हती, उगाच पळायचा कंटाळा होता, आणि मागे पाण्याच्या कडेला पाय थंड राहायचे. समोरचा गडी अंगावर आला की बॉल बाहेर हाणून मोकळं व्हायची सोय तिथं नव्हती. मग तळव्यानं बॉल मागे ओढायचा, अंग मध्ये घालायचं आणि तो गडी नि पाणी यांच्यामधल्या वीतभर जागेतून वळून निघायचं. अर्ध्यावर बाजू बदलल्या की डावीकडचा समुद्र उजवीकडे जायचा, म्हणून दोन्ही पायांनी वळता यायला लागलं. यात काही विशेष आहे असं मला वाटलं नव्हतं.

विशेष आहे ते पालघरला कळलं. तिथल्या एका स्पर्धेत गोव्याच्या एका क्लबाचा माणूस खेळाडू बघायला आला होता. एका सामन्यात मी मैदानाच्या कोपऱ्यात सापडलो. दोन जण अंगावर, मागे रेघ. कुणीही बॉल बाहेर मारला असता. मी सवयीनं वळलो आणि त्या दोघांना तिथंच सोडून निघालो. सामना संपल्यावर त्या माणसानं मला बोलावून विचारलं, "लेफ्टी है या राइटी?" मी म्हणालो, "पानी जिस तरफ हो." त्याला काही कळलं नसावं, पण तो हसला आणि त्यानं माझा मोबाईल नंबर घेतला. महिन्याभरात क्लबाचा फोन आला, शिबिराला या म्हणून.

घरी निराळं ठरलेलं होतं. माझ्या मामानं बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. आमच्याकडच्या निम्म्या घरांत असाच कुणीतरी मामा असतो. वडिलांना त्या नोकरीचं कौतुक नव्हतं आणि फुटबॉलचंही नव्हतं. त्यांना वाडीतलं कळायचं आणि तेवढं पुरायचं. त्यांनी मला एकच विचारलं.

"तिथं तू गोल करणार काय?"

"नाय. मी मागं असतो."

"मंग गोलात उभा राहणार?"

"तो गोलकीपर. मी त्याच्या पुढं."

"गोल तू करणार नाय, हातानं अडवणार नाय. मंग तुला ठेवतायत कशाला?"

मी म्हणालो, समोरच्यांना गोल करू द्यायचा नाही, बॉल आपल्याकडे राखायचा. त्यांनी थोडा विचार केला. मग त्यांचा चेहरा मोकळा झाला. "म्हंजे राखण," ते म्हणाले. चिकू तयार व्हायला लागले की रात्री वटवाघळं येतात, दिवसा माणसं येतात, तेव्हा वाडीत राखणीला कुणीतरी लागतंच. त्या कामाला आमच्याकडे मान आहे. "एक सीझन जा," त्यांनी सांगितलं. "ठेवला तर ठेवला. नाय ठेवला तर मामा हाय."

म्हणजे मला ठेवतात की नाही, एवढाच प्रश्न होता. पॅकिंगच्या कामात वाईट काही नाही, आज मी तेच करतो. पण वीस-एकवीस वर्षांच्या मला बोईसरच्या त्या गेटात शिरायचं नव्हतं. मला फुटबॉल खेळून जगायचं होतं, आणि जमलं तर वडिलांनी एकदा ते बघावं असंही वाटत होतं. हे दुसरं मी कुणाला सांगितलं नाही.

क्लबात पहिला महिना शिबिराचा असे. त्यात जो कोचना पसंत पडला नाही तो सीझन सुरू व्हायच्या आत गुपचूप बॅग भरायचा. कोच केरळचे. स्वतः जुने स्टॉपर, म्हणजे मधले डिफेंडर, नाक एका बाजूला कललेलं, बोलणं कमी. हिंदी त्यांचीही उसनी आणि माझीही, त्यामुळे आमची वाक्यं छोटी असायची. सरावाच्या पहिल्याच मोठ्या सामन्यात मी रेघेपाशी बॉल घेऊन वळायला गेलो. समोरचा फॉरवर्ड किनाऱ्यावरच्या पोरांसारखा नव्हता. तो वाटच बघत होता. त्यानं पाय घातला, बॉल काढून घेतला आणि गोल केला. सगळं इतक्या लवकर झालं की मी अजून अर्धा वळलेलाच होतो.

कोचनी शिट्टी वाजवली आणि मैदानात आले.

"बाहर क्यों नहीं मारा?"

मला खरं तेच सुचलं. "सर, हमारे यहाँ बाहर समंदर है."

बाकीचे फिदीफिदी हसले. कोच हसले नाहीत. त्यांनी रेघेकडे पाहिलं, तिच्या पलीकडच्या गवताकडे पाहिलं.

"मेरे गाँव में भी है," ते म्हणाले. "यहाँ नहीं है."

मग त्यांनी सरळ सांगून टाकलं की शिबिर संपायच्या आत ही सवय गेली तर मी राहीन, नाही गेली तर माझ्यासारखे चांगले वळणारे खूप आहेत आणि ते सगळे आपापल्या घरी आहेत.

त्यानंतर रोज सराव संपला की ते मला थांबवून घ्यायचे. मला रेघेवर उभं करायचे, तोंड आपल्याच गोलकडे, आणि बॉल टाकायचे. मी तो पहिल्या स्पर्शात कुंपणापलीकडे हाणायचा. पलीकडे भाताचं शेत होतं. बॉल आणायला क्लबाचा माणूस शेताच्या बांधावर उभा असायचा. सुरुवातीला मी असे हलके मारायचो की बॉल कुंपणाला लागून आतच पडेल. कोचच्या ते लगेच लक्षात आलं. "प्यार से नहीं," ते म्हणाले. मग जोरात मारायला लागलो. तरी अडचण होतीच, कारण ती पायात नव्हती. बॉल कुंपणापलीकडे गेला की माझं लक्ष त्याच्या मागे जायचं. कुठं पडला, चिखलात रुतला का, त्या माणसाला दिसला का. तोवर पुढचा बॉल येऊन गेलेला असायचा.

"देखना नहीं," कोच म्हणायचे. "गया तो गया."

हे ऐकायला सोपं आहे. एका बॉलवर पंधरा पोरांचा खेळ चालवलेल्या माणसाला ते सोपं नसतं. मान वळू नये म्हणून मला अक्षरशः दात आवळावे लागायचे. रात्री पडल्यावर वाटायचं, सरळ मामाला फोन करावा. पण सकाळी पुन्हा बूट बांधायचो.

शिबिराच्या शेवटच्या सामन्यात तीच जागा आली. कोपरा, रेघ, मागून येणारा गडी. मी बॉल असा मारला की तो प्रेक्षकांच्या पत्र्याच्या छपरावर दणकन आदळला. आणि मी मागे पाहिलं नाही. जाऊन माझ्या जागेवर उभा राहिलो, हात करून बाकीच्यांना जागा दाखवल्या. छपराखालच्या आठ-दहा माणसांनी टाळ्या वाजवल्या. गोल मारणाऱ्याला वाजवतात तशाच. मला थोडी लाज वाटली आणि थोडा आनंदही झाला. संध्याकाळी कोचनी पाठीवर थाप मारली. मी घरी फोन लावून सांगितलं, "ठेवला." वडील म्हणाले, "बरं झालं. मामाला सांगतो."

तिथून पुढं नऊ सीझन मी खेळलो, दोन क्लबांत. मोठा खेळाडू झालो नाही. देशाकडून खेळलो नाही, कुणी सही मागायला आलं नाही, पण बारा महिने पोटाला लागेल एवढं खेळावर मिळत गेलं. आमच्या भागातून तेवढंही फार जणांना जमलेलं नाही. डिफेंडरचं काम विचित्र असतं. फॉरवर्डनं दहा चुका करून एक गोल केला तर त्याचा फोटो येतो. डिफेंडरचा चांगला दिवस म्हणजे ज्या दिवशी काहीच झालं नाही. सामना संपल्यावर आठवण्यासारखं काही उरलं नाही की समजायचं, काम नीट झालं. मला हे मानवलं. माझा स्वभाव मुळातच कुठं पुढं पुढं करण्याचा नाही.

फक्त त्या कामानं माणसाची नजर कायमची तिरपी होते. आजही लग्नाच्या मांडवात मी पाठ भिंतीला लावून उभा राहतो आणि दारातून कोण आत येतंय, कोण कुणाच्या मागून सरकतंय, हे बघत बसतो. बायको म्हणते, "जेवायला आलोय, पहाऱ्याला नाय." तिचं बरोबर आहे.

सामने मोबाईलवर दिसायला लागल्यापासून आई बघायची. तिची तक्रार असायची की मी दिसतच नाही. "बॉल बाहेर गेला की तेवढा दिसतोस," ती म्हणायची, "कमरेवर हात ठिवून." कॅमेरा बॉलच्या मागे असतो. तो बाहेर गेला की मारणाऱ्याचा चेहरा दाखवतात. त्या काळात माझा चेहरा बऱ्यापैकी दाखवला गेला, कारण मी त्या कामात वाकबगार झालो होतो. डावा, उजवा, डोक्यानं, पडता पडता, कसाही आला तरी बॉल बाहेर. टीममधले मला चिडवायचे की ह्याच्यामुळे क्लबाला बॉल पुरत नाहीत.

वडील मोबाईलवर बघायचे नाहीत. त्यांना त्या एवढ्याशा पडद्यावर माणसं मुंग्यांसारखी दिसायची. सकाळ-संध्याकाळ पाटाचं पाणी फिरवायचं काम त्यांच्याशिवाय कुणाला जमत नाही अशी त्यांची समजूत होती, त्यामुळे गाव सोडून ते कुठं जात नसत. गावात मात्र कुणी माझ्याविषयी विचारलं की सांगायचे, "तो राखणीला असतो. बॉल जाऊ देत नाय." हे मला आईकडून कळायचं. मी ते कधी दुरुस्त केलं नाही. बऱ्याच अंशी ते खरंच होतं.

एकदा मात्र ते आले. आमच्या क्लबाचा सामना मुंबईत होता. आईनं मागे लागून त्यांना तयार केलं आणि चुलतभावाबरोबर ते आले, हातात चिकूची पिशवी. माझं नशीब असं की आदल्या सामन्यात मला पिवळं कार्ड मिळालं होतं, ते धरून बंदी येण्याइतकी कार्डं भरली आणि त्या दिवशी मला खेळायला बंदी होती. मी त्यांच्या शेजारी प्रेक्षकांत बसलो. त्यांना कार्डाचा प्रकार समजावून सांगितला. ते म्हणाले, "म्हंजे एवढ्या लांबून मी तुला बसलेला बघायला आलो." चुलतभाऊ पोट धरून हसला.

माझ्या जागी एक नवा पोरगा उतरला होता. वडिलांनी तेवढं विचारून घेतलं आणि बाकीचा खेळ सोडून त्याच्याकडेच बघत राहिले. चांगला खेळत होता तो. धोका दिसला की बॉल सरळ बाहेर. तिसऱ्या-चौथ्या वेळेला वडिलांना राहवलं नाही.

"ह्यो तुझ्या जागी?"

"हो."

"सारखा बाहेर का मारतोय?"

"तसं मारावं लागतं कधी कधी."

"राखणीला ठेवलेला माणूस चिकू कुंपणाबाहेर फेकतो काय?" ते म्हणाले. "तुझं काम त्याला जमत नाय."

मला तो पोरगा माझ्याचसारखा खेळताना दिसत होता. हे सांगितलं असतं तर फार मोठं काही घडलं नसतं. पण ते इतक्या समाधानानं बोलले होते की मी पिशवीतला एक चिकू सोलून खाल्ला आणि विषय तिथंच राहिला. परत जाताना त्यांनी मला सांगितलं, "आता खेळशील तवा सांग. मंग येतो." पुढं ते जमलं नाही. कधी चिकूची तोडणी, कधी पाऊस, कधी सामना लांबच्या राज्यात.

दरम्यान शरीर आपल्या गतीनं जात होतं. उजव्या गुडघ्याचं एकदा ऑपरेशन झालं, दुसऱ्यांदा डॉक्टर नको म्हणाले. दोन्ही भुवयांवर टाक्यांच्या खुणा आहेत, त्या दुसऱ्यांच्या डोक्यांच्या. सकाळी उठल्यावर पहिला अर्धा तास मी जिने उतरायचं टाळायचो. तरी मला वाटत होतं की अजून दोनेक सीझन निघतील. डिफेंडरला पळण्यापेक्षा कुठं उभं राहायचं ते कळावं लागतं, आणि ते मला कळत होतं.

मग क्लबात नवे कोच आले. तरुण, लॅपटॉप घेऊन फिरणारे, बोलायला गोड. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं की आता खेळ बदलला आहे. डिफेंडरनं बॉल बाहेर मारायचा नाही. आपल्याकडे ठेवायचा, समोरच्याला अंगावर येऊ द्यायचं, वळायचं आणि मागून खेळ रचत न्यायचा. त्यांनी पडद्यावर परदेशातल्या कुठल्याशा डिफेंडरची चित्रफीत दाखवली. तो रेघेपाशी सापडला होता, दोघे अंगावर. त्यानं तळव्यानं बॉल मागे ओढला, अंग मध्ये घातलं आणि वीतभर जागेतून वळून निघाला. खोलीत सगळे वा वा म्हणाले.

मला हसू आलं, आणि मग एकदम हसू येईनासं झालं.

सरावात मी प्रयत्न केला. बॉल आला की मनात म्हणायचो, ओढ, वळ. पण मनातलं म्हणून होईपर्यंत पायानं तो हाणलेला असायचा. एकदा नाही, रोज. गुडघाही वळायला कुरकुर करायचा, पण सगळा दोष गुडघ्यावर टाकणं बरोबर नाही. नवे कोच चिडले नाहीत. ते म्हणाले, इतक्या वर्षांची सवय आहे, समजू शकतो. मला हे एके काळी येत होतं, ह्यासाठीच मला आणलं होतं, असं मी त्यांना सांगितलं नाही. सांगून काय उपयोग, करून दाखवता आलं नसतं. सीझन संपल्यावर क्लबाच्या मॅनेजरचा फोन आला. नव्या करारात माझं नाव नव्हतं. फार सभ्यपणे बोलले ते.

बोईसरच्या कारखान्यात मी आता पॅकिंगला आहे. मामा निवृत्त झाला, पण त्याचा शब्द अजून चालत होता. "नऊ वर्षं उशिरा का होईना, हजर झाला," असं तो जमलेल्या पाहुण्यांत सांगतो आणि मीही हसतो. आमच्या लाइनवर बिहारचे, ओडिशाचे लोक आहेत. त्यांच्यातल्या एकाला, मला मोबाईलवर खेळताना पाहिल्याचं आठवत होतं. "आप तो वही हैं, लंबा मारने वाले," तो म्हणाला. मी म्हणालो, हो, तोच.

गावात आल्यापासून रविवारी ओहोटी सकाळची असेल तर आम्ही जुने सोबती किनाऱ्यावर जमतो. कुणी दागिन्यांच्या डाय, म्हणजे साचे, कोरतो, कुणी शाळेत मास्तर आहे, एकाची पोळीभाजीची गाडी आहे. पोटं सुटली आहेत. पहिले काही रविवार मी गुडघ्याचं निमित्त सांगून नुसता बघत बसायचो. मग ह्या हिवाळ्यात एका रविवारी उतरलो. त्याच दिवशी वडील आले. वाडीत आता ठिबक बसवलंय, पाणी फिरवायचं काम राहिलेलं नाही, आणि सकाळी काय करायचं हे त्यांना अजून कळलेलं नाही. सुरूचा एक ओंडका वाळूत पडलेला आहे, त्यावर येऊन ते बसले. मला म्हणाले, "खेळ. मी हाय."

मी समुद्राच्या बाजूला उभा राहिलो. ती जागा अजूनही रिकामीच असते. पाणी मागे सरत होतं आणि वारा जमिनीवरून होता. आज वळायचं, एवढं मी ठरवलं. समोर कुणी व्यावसायिक खेळाडू नव्हता. तो डाय कोरणारा सोबती होता, धापा टाकत येणारा. घाई काहीच नव्हती.

बॉल माझ्याकडे आला. तो सोबती अंगावर आला. मी पाण्याच्या कडेला होतो, आणि मला सगळं स्पष्ट दिसत होतं, कुठून ओढायचा, कुठून निघायचं. आणि पायानं तो हाणला. चांगला बसला होता. लाटांच्या पहिल्या रांगेच्या पलीकडे जाऊन पडला.

सवयीनं मी मागे पाहिलं नाही. जागा घ्यायला चालू लागलो, हातही वर केला बाकीच्यांना सावध करायला. चार पावलं गेल्यावर लक्षात आलं की कुणीच हललेलं नाही. सगळे पाण्याकडे बघत उभे होते.

मग मी गेलो. नियम माहीत होता. आमच्याकडे पाणी लांबपर्यंत उथळ असतं. गुडघाभर पाण्यात बरंच चाललो, मग मांडीभर. बॉल पुढं पुढं जात होता, दांडीच्या बाजूला तिरपा. कमरेपर्यंत आल्यावर गुडघ्यानं साफ नकार दिला आणि मी थांबलो. बॉल लहान होत गेला. मला फार वाईट वाटलं. करार संपल्याचा फोन आला तेव्हा वाटलं नव्हतं इतकं.

परत आलो तेव्हा खेळ मोडला होता. सोबती चपला शोधत होते. मास्तर म्हणाला, "नवीन बॉल आला तरी तू बाहेर बसणार हां." त्यानं चेष्टेनंच म्हटलं. मी वडिलांजवळ गेलो. त्यांनी ओंडक्यावर सरकून जागा केली.

"तिथं पण असाच मारीत व्हतास?"

"हो."

"आणायला कोण जायचा?"

"असायचं कुणीतरी. तिथं बॉल खूप असतात."

त्यांनी वाडीच्या कुंपणाकडे बोट केलं. मग म्हणाले, "तू लहान व्हतास तवा मी सकाळी पंप लावून कुंपणापाशी उभा राहायचो. इथंच खेळायचात तुमी. तू पाण्याला बॉल लागू द्यायचा नायस. कसा गर्रकन वळायचास. पंपाचं पाणी वाफ्याबाहेर जायचं तरी मी बघत राहायचो. मला वाटलं, ते बघून नेला तुला."

म्हणजे त्यांनी मला खेळताना पाहिलं होतं. मुंबईत यायच्या, चिकू आणायच्या कितीतरी आधी, आणि मला वाटत होतं त्याहून नीट.

"तेच बघून नेला होता," मी म्हणालो.

"मंग?"

गुडघ्यांवर हात टेकून ते उठले, पँटची वाळू झटकली.

"चल," ते म्हणाले. "दांडीला जाऊन सांगून ठेवू. कुणाच्या जाळ्यात आला तर आणून देतील."

आम्ही किनाऱ्यानं दांडीकडे निघालो. वडील सावकाश चालतात, त्यामुळे मला बरोबर चालणं जमत होतं. थोडं पुढं गेल्यावर मी जागा बदलली आणि समुद्राच्या बाजूनं चालू लागलो.